चार मीटरच्या पट्टीखाली सापडलेली डिकी

गणेश चवथीच्या आदल्या दोन दिवसांत गोव्यातल्या डिचोलीच्या बाजाराबाहेर उभ्या असलेल्या मोटारींच्या उघड्या डिक्यांकडे पाहिले, की कुटुंबाच्या गाडीकडून घराची नेमकी काय अपेक्षा असते ते कळते. गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी सुपारीचा आणि केळ्यांचा घड, चिबूड, आंबाडे, वर पोतेभर असोले नारळ, आणि मोपा विमानतळावर उतरून मूळ घरी निघालेल्या मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांच्या दोन बॅगा. वरून पाऊस. या कामाला सेडान गाडी वर्षानुवर्षे उपयोगी पडत आली, कारण तिची डिकी ही स्वतंत्र, बंद खोली असते. पेडण्याच्या बाजारातून बांगडे आणले तरी त्यांचा वास मागच्या सीटवर बसलेल्या आजीपर्यंत पोचत नाही. ओली छत्री, चिखलाच्या चपला, नारळाची पोती यांना माणसांपासून वेगळे ठेवणारी लोखंडी भिंत मध्ये असते. ही खोली गेल्या वीस वर्षांत आखूड होत गेली. गिऱ्हाइकाने तशी मागणी केली नव्हती आणि अभियंत्यांचा हात चुकला असेही नाही. ती करकायद्याने कापली. याच काळात सेडानचे डिझेल इंजिनही गेले. पण ते सकारण गेले. डिकी मात्र निष्कारण गेली, आणि ती परत मिळवता येण्यासारखी आहे.

2006 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरील उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणले गेले. छोटी मोटार कोणती, तर लांबी 4000 मिलिमीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोल असेल तर 1200 सीसीपर्यंत, डिझेल असेल तर 1500 सीसीपर्यंत. हेतू चांगला होता. पण बंपरपासून बंपरपर्यंत टेप लावून मोजायचे म्हटल्यावर लांबी कमी करण्याची सर्वांत सोपी जागा कोणती? इंजिनाला हात लावता येत नाही, माणसांचे गुडघे कापता येत नाहीत. उरते डिकी. टाटांनी 2008 मध्ये इंडिगोची शेपटी छाटून 3988 मिलिमीटरची इंडिगो सीएस आणली. महिंद्रांनी 2013 मध्ये व्हेरिटोची मागची बाजू उडवून व्हेरिटो व्हाइब काढली. मूळच्या 510 लिटरच्या डिकीचे 330 लिटर झाले. सगळ्यांत बोलके उदाहरण मारुतीच्या स्विफ्ट डिझायरचे. 2008 ची पहिली डिझायर 4160 मिलिमीटर लांब होती आणि डिकी होती 440 लिटरची. फेब्रुवारी 2012 मध्ये आलेली दुसरी डिझायर 3995 मिलिमीटरची, डिकी 316 लिटरची. म्हणजे 165 मिलिमीटर लांबी वाचली, जी वीतभरसुद्धा भरत नाही, आणि त्यासाठी 124 लिटर जागा गेली. पिण्याच्या पाण्याचे 20 लिटरचे सहा जार डोळ्यांसमोर आणा. तेवढे सामान आता मागच्या सीटवर, माणसांच्या मांडीवर येते.

नुसत्या लिटरच्या आकड्यानेही हे नुकसान पुरते कळत नाही. शेपटी आखूड झाली की डिकीचे झाकणही आखूड होते आणि तिचे तोंड लहान होते. मग आत जागा असूनही मोठी बॅग उंबऱ्यावर अडते. तिरकी करून, ढकलून आत घालावी लागते. अनेक गाड्यांत झाकणाचे बाकदार लोखंडी दांडे डिकीच्या आत उतरतात. झाकण लावताना ते नेमके बॅगेच्या कोपऱ्यावर बसतात, म्हणून कागदावरचे 316 लिटर प्रत्यक्षात तेवढे राहत नाहीत. 2017 मध्ये आलेल्या टिगोरमध्ये टाटांनी हे दांडे काढून बाहेरच्या बाजूने दुमडणारी बिजागरी बसवली. चार मीटरच्या मर्यादेत राहूनही 419 लिटर डिकी देणारी ही गाडी, आणि तिच्यातली ही बिजागरी म्हणजे सामान उचलणाऱ्या माणसाचा विचार करून केलेले काम. अशा कामाचे कौतुक व्हायला हवे. पण बिजागरीची हुशारी कायद्याने केलेली तूट थोडीफार भरून काढते इतकेच. ज्यांनी चार मीटरचा सोस सोडला त्यांची गाडी पाहा: टोयोटाची इटिऑस 4265 मिलिमीटर लांब, डिकी 595 लिटरची, मागच्या सीटपुढची जमीन जवळजवळ सपाट, त्यामुळे मधल्या माणसालाही पाय ठेवायला जागा. दिसायला साधी, कामाला पक्की. तिच्यावर मात्र कर मोठ्या गाडीचा होता.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की पेडणे-डिचोलीच्या वाड्यांतले रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे. तिथे आखूड गाडीच बरी. ऐकायला पटते, पण गाडी वळते ती पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतरावर आणि पुढची चाके किती फिरतात त्यावर. मागच्या चाकामागे लोंबणाऱ्या डिकीचा त्यात फारसा वाटा नसतो. दुसऱ्या डिझायरची लांबी कमी झाली, पण चाकांमधले अंतर 2390 वरून 2430 मिलिमीटर झाले, आणि वळणाची त्रिज्या 4.7 मीटरवरून 4.8 मीटर! आखूड गाडीला वळायला थोडी अधिकच जागा लागू लागली. आक्षेपाचा एक भाग मात्र खरा आहे. लांब शेपटीची भरलेली गाडी केरी-तेरेखोल किंवा नार्वे-दिवाडीच्या फेरीबोटीवर चढताना, ओहोटीच्या वेळी उताराची कड तीव्र झाली, की मागचा बंपर खाली घासण्याची भीती असते. त्याला उपाय शेपटीचा खालचा भाग वर उचलून घेणे, सामान भरल्यावर मागची स्प्रिंग किती बसते ते पाहणे. रिकाम्या गाडीचा 170 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स जाहिरातीत छापला जातो. पाच माणसे आणि चवथीचे सामान भरल्यावर तो किती उरतो, हा प्रश्न विक्रेत्याला विचारायलाच हवा.

आता डिझेलबद्दल. या इंजिनावर लोकांचे प्रेम का जडले ते समजण्यासारखे आहे. डिझायरचे 1248 सीसीचे डिझेल इंजिन मिनिटाला 2000 फेऱ्यांवरच 190 न्यूटन मीटर ओढ देत असे. त्याच गाडीचे पेट्रोल इंजिन 4000 फेऱ्यांवर जाऊन 115 च्या आसपास. पाच माणसे, भरलेली डिकी आणि चालू एसी घेऊन मोपाच्या पठारावर चढताना, किंवा साखळीच्या रस्त्यावर खनिजाच्या ट्रकाला मागे टाकताना हा फरक पायाला कळतो. पण गोव्यात डिझेलचा पैशांचा हिशेब तितका भक्कम राहिला नाही. 2012 मध्ये मनोहर पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला आणि पेट्रोल लिटरमागे सुमारे 11 रुपयांनी उतरले; देश डिझेलमागे धावत असताना शेजारच्या सिंधुदुर्गातल्या गाड्या पत्रादेवी ओलांडून पेट्रोल भरायला येत. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि देशभरातही तो फरक आटत गेला. शिवाय 2012 मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला. 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 प्रदूषण निकषांसाठी काजळी अडवणारी जाळी बसवावी लागली. ही जाळी साफ व्हायला गाडी बराच वेळ एका वेगात पळावी लागते, आणि पेडणे ते म्हापसा किंवा डिचोली ते पणजी या पल्ल्यात तेवढी संधी मिळत नाही. मारुतीने 2020 मध्ये डिझेल सोडले, होंडाने 2023 मध्ये. रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालवणाऱ्या गोव्यातल्या कुटुंबाने त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. श्वासाची किंमत ओढीपेक्षा जास्त आहे.

डिकीच्या बाबतीत असे एकही कारण सापडत नाही. आखूड डिकीने धूर कमी होत नाही. उलट सेडानची उतरती पाठ हवा कापायला बरी, आणि आखूड डिकीला कंटाळून लोक वळले ते उंच, पेटीसारख्या छोट्या एसयूव्हींकडे. ‘ज्याला सामान न्यायचे त्याने एसयूव्ही घ्यावी’ हा दुसरा आक्षेप इथे येतो. पण त्यातल्या बहुतेक छोट्या एसयूव्हीही त्याच चार मीटरच्या पट्टीखाली बसवलेल्या आहेत. ब्रेझाची डिकी 328 लिटरची. तिथे सामान एकावर एक रचायचे आणि पोते अधिक उंच उंबऱ्यावरून आत टाकायचे. साठीच्या माणसाच्या कमरेला विचारा. माशांचा वास पुन्हा सीटवर येतो तो वेगळाच.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सवलत सामान्य कुटुंबासाठी आहे, लांबीची अट काढली तर ती श्रीमंतांच्या गाड्यांना मिळेल. सवलत जरूर राहावी, पण मोजमाप बदलावे. फ्रान्समध्ये मोटारीवरचा अतिरिक्त कर कार्बन उत्सर्जनावर ठरतो, आणि 2022 पासून जड गाड्यांना वजनावरही भरावा लागतो. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था प्रत्येक मॉडेलचा इंधनखप तपासून प्रमाणित करतातच, आणि कंपन्यांच्या सरासरी इंधनखपाचे निकषही 2017 पासून लागू आहेत. वजन आणि इंधनखप यांवर कर बेतला, तर 1000 किलोच्या आसपासची साधी सेडान वीतभर लांब असूनही सवलतीत बसेल आणि दोन टनांची आलिशान गाडी आपोआप बाहेर राहील.

ही दुरुस्ती करायची संधी सप्टेंबर 2025 मध्ये आली होती. 22 सप्टेंबरपासून जीएसटीचे नवे दर लागू झाले: पेट्रोल-डिझेलच्या छोट्या मोटारींना 18 टक्के, मोठ्यांना 40. पट्टी तीच राहिली आणि रेषेच्या दोन बाजूंमधला फरक 22 टक्क्यांचा झाला. 3995 मिलिमीटरची गाडी 4160 ची करण्याचे धाडस आता कोणती कंपनी करील? वस्तू व सेवा कर परिषदेत गोव्याला जागा आहे, मत आहे. परिषदेची 37 वी बैठक तर 20 सप्टेंबर 2019 रोजी गोव्यातच भरली होती. त्या बैठकीत दहा ते तेरा माणसे नेणाऱ्या वाहनांवरचा उपकर कमी करण्याची शिफारस झाली, तीही लांबी 4000 मिलिमीटरच्या आत असेल तरच. तेरा माणसे, चार मीटर. आणि त्यांच्या सामानाचा उल्लेख कुठेच नाही. पुढच्या बैठकीला गोव्याचा प्रतिनिधी जाईल तेव्हा त्याने जाण्यापूर्वी चवथीच्या बाजारातली एक उघडी डिकी पाहून जावे आणि परिषदेत विचारावे, की ही 165 मिलिमीटर लांबी नेमकी कोणाला जड जाते.