धुरजड की उलाळ?

बैलगाडी धुरजड झाली की बैलांच्या मानेवर भार येतो, उलाळ झाली की जू वर उचलतं. जुन्या गाडीवानाला हे सांगावं लागत नसे. ट्रॅक्टरच्या दोनचाकी ट्रॉलीलाही नियम तोच, पण चिरे भरताना तो विसरला जातो. भार मागे गेला तर आकडा वर ओढला जातो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. पुढे फाजील झाला तर पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग ऐकत नाही. रत्नागिरीच्या चढउतारांवर दोन्ही जिवावरचंच.

भरलेली ट्रॉली 10 क्विंटलची असेल तर साधारण 1 क्विंटल भार आकड्यावर हवा. छोट्या ट्रॉलीचा भार आंबे तोलायच्या काट्यावरही कळतो: चाकांना दगड लावा आणि दांडी आकड्याच्याच उंचीवर काट्यावर टेकवा. अमेरिकेत मोटारीमागे ट्रेलर जोडताना स्प्रिंगच्या दांड्या लावून भार पुढच्या चाकांवरही वाटतात. आपल्याला तो खटाटोप नको. चार चिरे पुढेमागे सरकवले की भागतं.

जोडणी मात्र खालच्या ड्रॉबारलाच करा. वर जोडलेली ट्रॉली चढणीला ट्रॅक्टर मागे उलथवू शकते. पिनेला क्लिप आणि सोबत साखळी हवीच. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका.