कड्यावरील नाव आणि आतील काच



एका वाचक भगिनींचे पत्र या सदराकडे आले आहे. आजेसासऱ्यांच्या पश्चात बंद राहिलेले कपाट वाटणीच्या निमित्ताने उघडले गेले, तेव्हा त्यात एक जुना कॅमेरा निघाला. त्याच्या लेन्सच्या पुढील कड्यावर रोमन अक्षरांत 'कार्ल झाइस येना, सोनार, १:१,५' असे नाव आणि एक सात अंकी क्रमांक कोरलेला आहे. लेन्स आट्यांची असून फिरवून काढता येते. जुन्या कॅमेऱ्यांच्या एका संग्राहकाने केवळ छायाचित्र पाहून तिच्यासाठी मोठी रक्कम देऊ केली आहे. थोरले दीर म्हणतात, आधी वस्तूची खात्री करून घ्यावी. धाकटे म्हणतात, घेणारा जाणकार आहे, तो राजी आहे, मग आपण तपासायचे कशाला? भगिनींचे प्रश्न दोन आहेत : अशी लेन्स ओळखावी कशी, आणि ती ओळखून घेणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे काय?

दोन्ही प्रश्न आपल्या व्यापारी घरांच्या जिव्हाळ्याचे आहेत. हिरा असो, केशर असो वा कापूस असो, पारख हाच आपल्या पेढ्यांचा खरा वारसा आहे. म्हणून या अंकात या लेन्सचीच पारख करू.

प्रथम एक समजूत दूर केली पाहिजे. जुने ते सारेच दुर्मीळ नसते. झाइस कंपनीची 'टेसार' ही लेन्स १९०२ साली पाउल रुडोल्फ यांनी रचली. ती पुढे इतक्या मोठ्या संख्येने निघाली, की आजही जुन्या बाजारात ती सहज हाती लागते. याउलट त्याच कंपनीची ५० मिलिमीटरची ०.७ छिद्रमानाची 'प्लानार' १९६० च्या दशकात अवघ्या १० नगांत तयार झाली. त्यांपैकी ६ अमेरिकेच्या 'नासा' या अंतराळ संस्थेने घेतल्या, ३ चित्रपट दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी घेतल्या आणि १ कंपनीने स्वतःजवळ ठेवली. कुब्रिक यांनी 'बॅरी लिंडन' या १९७५ च्या चित्रपटातील काही प्रसंग त्या लेन्सने केवळ मेणबत्त्यांच्या उजेडात टिपले. दुर्मिळता ही वयावर ठरत नाही. मूळ नग किती निघाले, त्यांतले किती उरले आणि मागणी किती आहे, यांवर ती ठरते. आणि जेथे नग थोडे व मागणी फार, तेथे प्रतिरूप निर्माण होण्यास वेळ लागत नाही.

आता 'सोनार'कडे वळू. हे नाव आपल्याकडील सुवर्णकारावरून आलेले नाही. सूर्यवाचक जर्मन शब्दावरून ते घडविले गेले. लुडविग बेर्टेले या रचनाकाराने ही लेन्स सिद्ध केली आणि १९३२ साली ड्रेस्डेनच्या झाइस इकॉन कंपनीने काढलेल्या 'कॉन्टॅक्स' कॅमेऱ्याबरोबर ती प्रसिद्धीस आली. १.५ छिद्रमानाच्या सोनारमध्ये ७ भिंगे असतात. परंतु ती एकमेकांस चिकटवून ३ गटांत बसविलेली असतात. त्यामुळे काच आणि हवा यांच्या सीमेवरील पृष्ठभाग फक्त ६ उरतात. अशा प्रत्येक पृष्ठभागावर थोडा प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो आणि चित्र फिकट करतो. पृष्ठभाग कमी, म्हणून चित्र स्वच्छ. त्या काळी हा मोठाच लाभ होता.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचा पराभव झाला. येना शहर सोव्हिएत ताब्यात गेले आणि नुकसानभरपाई म्हणून कॉन्टॅक्स बनविण्याची यंत्रसामग्री सोव्हिएत संघाने नेली. १९४७ पासून कीव्ह येथील आर्सेनल कारखान्यात तोच कॅमेरा 'कीव' या नावाने तयार होऊ लागला. मॉस्कोजवळील क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यात सोनारची रचना हाती घेण्यात आली. आरंभी तर तिच्यात जर्मन काचही वापरली गेली. पुढे या लेन्सला 'ज्युपिटर-३' हे नाव मिळाले. ती कॉन्टॅक्सच्या पद्धतीने बसणाऱ्या बांधणीत आणि लायकाच्या ३९ मिलिमीटर आट्यांच्या बांधणीतही निघाली.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ज्युपिटर ही खोटी लेन्स नव्हे. तिची रचना बेर्टेले यांची आहे, तिचे कारखाने ज्ञात आहेत आणि तिने काढलेली छायाचित्रे सुंदर असतात. स्वतःच्या नावाने विकली जाणारी ज्युपिटर ही प्रामाणिक वस्तू आहे. खोटेपणा सुरू होतो तो नंतर. लेन्सच्या पुढचे, नाव कोरलेले कडे वेगळे करता येते. ते बदलून किंवा घासून त्या जागी झाइसचे नाव कोरले, की साधी ज्युपिटर पाहता पाहता दुर्मीळ जर्मन सोनार होते. लायकाच्या आट्यांची अस्सल येना सोनार फार थोड्या संख्येने निघाली. म्हणूनच खोटे नाव नेमके आट्यांच्या ज्युपिटरवर चढविले जाते. कॅमेऱ्यांच्या बाबतीतही हेच घडले. खारकीव्ह येथे निराधार मुलांसाठी स्थापन झालेल्या श्रमवसाहतीत १९३४ पासून लायकाच्या धर्तीवर 'फेड' नावाचा कॅमेरा बनत असे. मुलांच्या कष्टांनी घडलेल्या त्या कॅमेऱ्यांवरील नाव पुसून नंतर अनेकांनी त्यांवर 'लायका' कोरले. नकलेने मूळ वस्तूचा अपमान होतो असे आपण म्हणतो. येथे तर नकल म्हणविल्या जाणाऱ्या वस्तूचाही खरा इतिहास पुसला गेला.

मग ओळखावे कसे? पाच लक्षणे क्रमाने पाहावीत.

पहिले लक्षण बांधणीचे. कॉन्टॅक्सची मूळ सोनार आट्यांनी बसत नाही. ती खाचांत अडकवून फिरवावी लागते. भगिनींची लेन्स आट्यांची आहे, म्हणजे एक तर ती अतिशय दुर्मीळ आहे किंवा मूळची ज्युपिटर आहे. संशयास येथेच जागा होते; निर्णयास मात्र नाही.

दुसरे लक्षण परावर्तनाचे. अंधाऱ्या खोलीत लेन्ससमोर लहान टॉर्च धरून तिरपे पाहावे. काचेत प्रकाशाचे लहानमोठे ठिपके दिसतील. हवेला लागून असलेला प्रत्येक पृष्ठभाग एक तेजस्वी ठिपका दाखवितो. चिकटविलेले सांधे अगदी मंद ठिपके दाखवितात. १.५ च्या सोनारमध्ये तेजस्वी ठिपके ६ येतात. चार गटांच्या प्लानारसारख्या रचनेत ते ८ येतात. ८ मोजले गेले, तर ती वस्तू सोनार नव्हेच. परंतु ६ आले म्हणून ती झाइसची ठरत नाही. कारण ज्युपिटरची रचनाही तीच आहे.

तिसरे लक्षण लेपाचे. काचेवरील परावर्तन कमी करणाऱ्या सूक्ष्म लेपाचे पेटंट झाइसचे अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली घेतले. युद्धापूर्वी सर्वसामान्य ग्राहकाच्या लेन्सवर तो सहसा नसे. पुढे लेप असलेल्या झाइस लेन्सवर लाल रंगाचे रोमन 'टी' हे अक्षर येऊ लागले. सोव्हिएत लेन्सवर त्याच अर्थाने रशियन लिपीतील लाल 'प' अक्षर असे. क्रमांक युद्धापूर्वीचा आणि काचेत निळसर-जांभळी झाक, असे दिसल्यास विसंगती आहे असे समजावे. तथापि काही जुन्या लेन्सना नंतर लेप देण्यात आला, हेही विसरू नये.

चौथे लक्षण क्रमांकाचे. येना कारखान्याचे क्रमांक वर्षागणिक चढत गेले. १९३० च्या दशकातील सोनारचा क्रमांक सात अंकी असतो. सोव्हिएत लेन्सवर पुष्कळदा क्रमांकाचे पहिले दोन अंक निर्मितीचे वर्ष सांगतात. येना कारखान्याच्या उत्पादन-नोंदींवर आधारलेली पुस्तके हार्टमुट टीले या जर्मन अभ्यासकाने प्रसिद्ध केली आहेत. कोणत्या क्रमांकाचे नग कोणत्या प्रकारच्या लेन्सचे होते, याचा त्यांत शोध घेता येतो. आपल्या भाषेत सांगायचे तर ती कारखान्याची वहीच होय. परंतु वहीत नोंद सापडली म्हणजे हातातील नग तोच आहे, असे होत नाही. दुसऱ्याच्या पावतीचा क्रमांक आपल्या पावतीवर लिहिणारे लोक जगात आहेतच.

पाचवे लक्षण कोरीव कामाचे आणि अंतरंगाचे. अस्सल कड्यावरील अक्षरे सारख्या खोलीची, सारख्या अंतरावर आणि एका वळणाची असतात. अक्षरांतील रंग ताजा आणि भोवतालचा धातू झिजलेला असेल, किंवा अक्षरांखाली घासल्याच्या खुणा असतील, तर सावध व्हावे. याउपर जुन्या कॅमेऱ्यांच्या जाणत्या कारागिराकडून लेन्स उघडवून घ्यावी. पुष्कळ लेन्सच्या आतील भागांवरही क्रमांक कोरलेला असतो. कड्यावर एक आणि आत दुसरा निघाला, तर कड्याची साक्ष फार दुबळी होते. घरी पकड किंवा पेचकस घेऊन हा प्रयोग मुळीच करू नये.

वाचकांच्या लक्षात आले असेल, की यांपैकी कोणतेही एक लक्षण पूर्ण सत्य सांगत नाही. बांधणी एक सांगते, ठिपके दुसरे, क्रमांक तिसरे. प्रत्येकाचे म्हणणे त्याच्या मर्यादेत खरे असते. मर्यादा सोडली की तेच असत्य होते. अनेकान्ताचा उपदेश आपण व्याख्यानांत ऐकतो. त्याचा उपयोग टेबलावर ठेवलेल्या एका जुन्या लेन्सपुरताही आहे. सर्व लक्षणे एकाच दिशेने बोलली, तर खात्रीने बोलावे. त्यांत विसंवाद असेल, तर तो विसंवादच ग्राहकास सांगावा.

आता दुसरा प्रश्न : तपासायचे कशाला? सत्य अणुव्रताच्या अतिचारांत 'कूटलेखक्रिया' सांगितली आहे, म्हणजे खोटा लेख तयार करणे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' सांगितला आहे, म्हणजे एका वस्तूसारखी दिसणारी दुसरी वस्तू तिच्या नावाने खपविणे. प्रतिक्रमणाच्या वेळी या दोषांची आलोचना आपण करतोच. कड्यावर खोटे नाव कोरणाराने पहिला दोष केला. ते नाव खोटे आहे हे जाणून जो विकतो, तो दुसरा करतो. आणि ज्याच्या मनात शंका उपजली आहे, पण उत्तर गैरसोयीचे निघेल म्हणून जो दिवा लावीत नाही, तो स्वतःला निर्दोष कसा म्हणवील? अज्ञान आणि जाणूनबुजून राखलेले अज्ञान यांत फरक आहे. थोरल्या दिरांनी शंका बोलून दाखविली, त्या क्षणी पहिल्या प्रकारचे अज्ञान त्या घरातून संपले.

'घेणारा जाणकार आहे' हे उत्तरही पुरे पडत नाही. त्याने पाहिले आहे ते छायाचित्र, म्हणजे फक्त कड्यावरील नाव. आणि तो मोठी रक्कम देत आहे ती त्या नावावरील विश्वासाने. शिवाय 'आजोबांच्या कपाटात निघालेली वस्तू' हे शब्दही किंमत वाढवितात. आजोबांचा सचोटीचा लौकिक त्या शब्दांत तारण म्हणून ठेवला जातो.

हाच नियम उलट दिशेनेही लागू आहे. तपासणीत लेन्स अस्सल आणि दुर्मीळ ठरली, तर ते सत्य वाटणीतील प्रत्येक हिस्सेदारास समान कळले पाहिजे. एकाने जाणून घ्यावे आणि 'जुना कॅमेरा आहे, मी ठेवून घेतो' म्हणून तो नाममात्र किमतीत घ्यावा, हे सख्ख्या भावांत तर मुळीच शोभणारे नाही. जुन्या बाजारात एखादी निराधार स्त्री पतीचा कॅमेरा विकावयास येते, तेव्हा तिच्या अजाणतेपणावर नफा मिळविणारा आणि तिला खरी किंमत सांगून वाजवी नफा घेणारा, हे दोघेही व्यापारीच म्हणविले जातात. पारख शिकण्याचा अधिकार दोघांनाही आहे. तिचा उपयोग मात्र दोघांचा वेगळा आहे.

व्यवहारात काय करावे? विक्रीपत्रात तीन गोष्टी निरनिराळ्या लिहाव्यात. प्रथम, प्रत्यक्ष काय दिसते : कड्यावरील अक्षरे, क्रमांक, बांधणी, ठिपक्यांची संख्या, काचेवरील लेप. नंतर, जाणत्या कारागिराने काय अनुमान केले. शेवटी, काय तपासले गेले नाही. भगिनींच्या लेन्समध्ये आतील क्रमांक कड्याशी जुळला नाही, तर 'सोव्हिएत बनावटीची ज्युपिटर असण्याचा संभव. कडे मूळचे नसावे' असे स्पष्ट लिहून त्या मानाची किंमत घ्यावी. ती रक्कम बरीच कमी असेल. पण ती भावाभावांत निःशंक वाटता येईल, आणि पुढे कोणी ते विक्रीपत्र घेऊन दारी आला, तरी कुटुंबातील कोणासही मान खाली घालावी लागणार नाही.

वाचकहो, आपल्या वडीलधाऱ्यांनी दुकानाच्या पाटीवर घराण्याचे नाव रंगविले. त्या नावाखाली माल तोच निघेल, ही हमी त्यांनी आयुष्यभर पाळली, म्हणून त्या नावास मोल आले. कपाटातील जुन्या वस्तूंची पारख मुलांना अवश्य शिकवावी. टॉर्च धरून ठिपके मोजण्यात त्यांना गंमतही वाटेल. त्याच वेळी मोजलेले जसेच्या तसे सांगण्याची सवयही त्यांना लावावी.