मोसम कुणाचा, सोय कुणाची?

मैत्रिणींनो,

गेल्या आठवड्यात सिडकोतल्या एका भगिनीचं दोन पानी पत्र आलं. पुढच्या वर्षी लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होतायत. यजमानांनी मॉरिशसला न्यायचं कबूल केलंय, आणि वर म्हणालेत, “महिना तेवढा तू ठरव.” झालं! बाईंची झोप उडाली. पुण्याला नोकरीला असलेला मुलगा म्हणतो डिसेंबर, म्हणजे रजा मिळते. जाऊबाई म्हणतात मे, कारण सहली मेमध्येच करायच्या असतात. मुलगी यंदा बारावीला, त्यामुळे या वर्षी काही हलता येत नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाईंना तिथला गणपती पाहायचाय. त्यांचं माहेर रत्नागिरीकडचं, आणि आजोळचं कुणीतरी फार पूर्वी “मिरिच देशाला” गेलं ते परतलंच नाही, हे त्या लहानपणापासून ऐकत आल्यात. पत्राच्या शेवटी बाई लिहितात, “ताई, सगळ्यांचं जमेल असा महिना सापडतच नाही. बेत रद्द करावा असं वाटू लागलंय.”

थांबा हो! रद्द कसला करताय? लग्नाच्या खरेदीत शालूच्या रंगावर एकमत होत नाही म्हणून कुणी लग्न मोडतं का? आधी मोसम समजून घेऊ, मग माणसांकडे वळू.

तुमच्या मुलांचा शाळेचा नकाशा काढा. आपलं नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण वीस अंशांवर आहे. मॉरिशस दक्षिणेला, तेही साधारण वीस अंशांवरच. मधे आरसा धरावा तसं. म्हणून आपल्याकडे जे ऋतू, त्यांच्या बरोबर उलटे तिकडे. आपण गोदाकाठी शेकोट्या पेटवतो तेव्हा तिथे उन्हाळा असतो, आणि आपल्याकडे आषाढ धो धो कोसळतो तेव्हा तिथे कोरडी, सुखाची थंडी. एवढं एक लक्षात ठेवलंत तर निम्मी चूक टळली.

आता महिने घेऊ. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला उन्हाळा. किनाऱ्यावर दुपारी पारा तीस अंशांच्या आसपास. आपल्या नाशिकच्या एप्रिलपुढे हे काहीच नाही म्हणाल, पण हवेत दमटपणा फार. जानेवारी ते मार्च हे सगळ्यात पावसाचे महिने, आणि चक्रीवादळांची भीतीही तेव्हाच जास्त. वादळ जवळ येऊ लागलं की तिथलं हवामान खातं एक ते चार अशा पायऱ्यांनी इशारे देतं. तिसरी पायरी आली की शाळा-कचेऱ्या, दुकानं, वाहतूक बंद. विमानतळही बंद ठेवतात. १९६० चं कॅरोल आणि १९७५ चं जर्व्हेझ ही वादळं तिथली जुनी माणसं अजून विसरलेली नाहीत. अगदी अलीकडे, जानेवारी २०२४ मध्ये, बेलाल वादळाच्या वेळी राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर मोटारी पाण्यात तरंगल्या.

दर वर्षी वादळ येतंच असं नाही, बरं का. पण आपल्याकडे तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, आणि जानेवारी-फेब्रुवारीत नवी जोडपी नेमकी तिकडेच धाडली जातात. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी हौसेनं लेकीजावयाला फेब्रुवारीत पाठवलं. सहा दिवसांपैकी तीन दिवस दोघं हॉटेलच्या खोलीत पत्ते खेळत बसली! संसाराला सुरुवात चांगली झाली म्हणायचं, पण त्यासाठी समुद्र ओलांडायची काय गरज होती? तेव्हा लग्नघरातल्या आयांनो, मुहूर्त काढताना पंचांग पाहता, तसं मधुचंद्र ठरवताना तिकडचा मोसमही पाहा.

डिसेंबरचं म्हणाल, तर तिथे लिचीचा बहर असतो, समुद्र उबदार असतो. पण नाताळ ते नववर्ष हा तिथला सर्वात महागडा काळ. मुलाच्या रजेपायी सगळ्यांच्या तिकिटांना जादा पैसे मोजायचे का, हा हिशेब तुम्हीच करा.

मे ते ऑक्टोबर हा तिथला हिवाळा. हिवाळा म्हणजे आपल्या निफाडचा नव्हे हं, द्राक्षांवर दव गोठण्याइतका! जुलैतसुद्धा किनाऱ्यावर दुपारी चोवीस-पंचवीस अंश, रात्री एक शाल पुरते. मधल्या पठारावरचं क्युरपीप गाव मात्र आपल्या नाशिकसारखंच उंचावर, तिथे गार वारा आणि भुरभुर पाऊस, म्हणून स्वेटर हवाच. जून-जुलैत पावणेसहालाच सूर्य बुडतो, तेव्हा फिरणं सकाळी उरकावं. मे महिना बराच चांगला. वादळांचा हंगाम सरत आलेला असतो आणि हॉटेलांचे दरही बहुधा उतरलेले असतात. तेव्हा जाऊबाई अगदीच चुकीचं सांगत नाहीत, एवढं त्यांना जरूर कळवा. सप्टेंबर-ऑक्टोबर मात्र सर्वांत कोरडे. ऑक्टोबर आला की वाराही मंदावतो आणि पाणी हळूहळू कोमट होऊ लागतं. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना म्हणूनच हा देश छान मानवतो.

इथे आपल्या द्राक्षवाल्या मैत्रिणींसाठी एक शब्द. पिंपळगाव, निफाड, दिंडोरीकडच्या बायका नेहमी म्हणतात, “आम्हाला कसली सुट्टी? एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, मग फवारण्या, मग माल निघेपर्यंत मार्च-एप्रिल.” खरं आहे. पण जुलै-ऑगस्टात बागेचा जीव थोडा सैल असतो ना? आपल्या पावसामुळे आपण त्या महिन्यांवर फुली मारतो. तिकडे तेव्हाच कोरडा मोसम असतो. शिवाय त्याच वेळी तिथली ऊसतोड चालू असते. आपले कारखाने दिवाळीच्या सुमारास पेटतात, तिथले जूनच्या सुमारास. आपल्या आजोळची माणसं ज्या उसासाठी तिकडे गेली तो ऊस कापताना पाहायचा असेल, तर हाच काळ.

ती माणसं कशी गेली तेही थोडं सांगते, म्हणजे सासूबाईंची ओढ समजेल. इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली आणि मळ्यांवर मजूर हवे झाले. मग १८३४ पासून करारावर बांधून हिंदुस्थानातून माणसं न्यायला सुरुवात झाली. १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसं त्या बेटावर उतरली. बरीचशी बिहारकडची होती, पण मुंबई बंदरातून कोकणातली माणसंही गेली. पोर्ट लुईला धक्क्याच्या ज्या पायऱ्या चढून ती वर आली तो “आप्रवासी घाट” युनेस्कोनं २००६ साली जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. आज आपल्या नाशिक जिल्ह्याच्या साधारण सातव्या-आठव्या हिश्श्याएवढ्या त्या देशात सरकारी शाळांतून मराठी शिकवली जाते, आणि गणेशचतुर्थीला सगळ्या देशाला सरकारी सुट्टी असते. ही सुट्टी बहुधा आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे कोकणी दीड दिवसाच्या गणपतीच्या विसर्जनाला येते. २०२५ मध्ये आपल्याकडे गणपती २७ ऑगस्टला बसले, तिथली सुट्टी २८ ला होती. आजीचा देव नातवंडांनी पाच-सहा पिढ्या असा जपला, तर सासूबाईंना तो बघावासा वाटणारच!

आता सिडकोतल्या ताईंशी थेट बोलते. इतरांनीही ऐकावं, कारण तुमच्याही भिंतीवर तेच कॅलेंडर आहे.

ताई, तुमच्या पत्रात मुलाची रजा आहे, मुलीची परीक्षा आहे, जाऊबाईंचं मत आहे, सासूबाईंची इच्छा आहे, यजमानांचं वचन आहे. तुम्हाला कधी जायचंय आणि काय पाहायचंय, ते मात्र दोन पानांत कुठेच नाही. मग समासात, आडव्या बारीक अक्षरात एक ओळ सापडली: “मला तळ दिसणारं पाणी बघायचंय.” ही ओळ समासात का हो? घरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे, गॅसची तारीख, सासूबाईंच्या इंजेक्शनचा दिवस, सगळं तुम्हीच लिहिता. त्यावर तुमची स्वतःची म्हणून एकही खूण नसते. सगळ्यांचं जमेल असा महिना कुठल्याच घरात नसतो. एका-दोघांचं महत्त्वाचं धरायचं आणि बाकीच्यांनी जुळवून घ्यायचं, इतकंच असतं.

म्हणून मी दोनच इच्छा धरते, सासूबाईंची आणि तुमची. सासूबाईंची अशासाठी की अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी “पुढच्या खेपेला नेऊ” असं म्हणू नये. तुमची अशासाठी की पंचवीस वर्षं तुमच्या संसाराला झाली आहेत. मग महिना निघतो भाद्रपद, म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. मोसम कोरडा. मुलगी तोवर बारावीतून सुटलेली. मुलाला चार महिने आधी तारीख सांगितली तर रजा मिळते. न मिळाली तर तुम्ही तिघी आणि यजमान जा, तो मागे राहून घर सांभाळेल.

पाण्याचं काय? तर या दिवसांत तिथे आग्नेयेकडून वारा वाहतो. तो पूर्व किनाऱ्यावर सरळ आदळतो, समुद्र खवळलेला आणि केस विस्कटलेले! पश्चिम किनारा मात्र डोंगरांच्या आडोशाला. फ्लिक-आं-फ्लाककडे पाणी शांत असतं, प्रवाळाच्या कड्यामुळे मोठ्या लाटा बाहेरच अडतात, आणि सकाळच्या वेळी काचेच्या तळाच्या होडीतून खालचे मासे दिसतात. पाणी फेब्रुवारीइतकं उबदार नसेल, पण तुम्हाला बघायचंय, पोहायचं नाही ना? आणि गंमत म्हणजे जवळच कास्कावेल गाव आहे, जुन्या मराठी वस्तीचं. सकाळी तुमचं पाणी, संध्याकाळी सासूबाईंचा गणपती. पूर्व किनाऱ्यावरचं हॉटेल कुणी स्वस्तात देऊ केलं, तरी या महिन्यात ते घेऊ नका.

राहता राहिला खरा पेच, तुमच्या घरचा गणपती. तो सोडून गृहिणीनं घराबाहेर कसं पडायचं? मला वाटतं, हा प्रश्न सासूबाईंनाच विचारा. घरची रीत त्यांनी तुम्हाला दिली, ती एक वर्ष जाऊबाईंच्या घरी गणपती बसवून पाळायला चालेल का, हे त्यांनीच सांगावं. जाऊबाईंनाही आधी विचारा, ऐन वेळी त्यांच्यावर लादू नका. सासूबाई “नको” म्हणाल्या तर मन मोडू नका. मग दिवाळीनंतरचा आठवडा धरा. तेव्हा सण नसेल, पण देवळं आणि माणसं तिथेच असतील. आणि पाणी तर आणखी शांत असेल. दोन्हींपैकी काहीही ठरो, ठरवायचं मात्र दोघींनी बसून, चहा घेता घेता. बाकीच्यांना नंतर कळवायचं.

सगळ्यांच्या उपयोगाच्या चार गोष्टी आता थोडक्यात सांगते.

आपल्या लोकांना पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. पण परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचा कागद आणि खर्चापुरते पैसे दाखवावे लागतात. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली बरी. तिथलं चलनही रुपयाच, पण तो आपल्या रुपयाच्या जवळजवळ दुप्पट किमतीचा. भाजीवाल्याशी घासाघीस करताना हे विसरू नका! घड्याळ दीड तास मागे करायचं. मुंबईहून थेट विमानाला सहा तासांच्या आसपास लागतात.

पावसाळ्यात निघाल तर आपल्या बाजूचा मोसमही पाहा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा २०२५ मध्ये खुला झाल्यापासून मुंबई जवळ आली खरी. तरी कसारा-इगतपुरीचा पाऊस आणि घाटातल्या गाड्यांचा भरवसा धरू नये. विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. आणि २०२७ मध्ये सिंहस्थाची मोठी स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरातच आहेत. त्या वर्षी भाद्रपदात निघणाऱ्या नाशिककरणींनी घरच्या पाहुण्यांचा आणि बंद रस्त्यांचा विचार आधीच करून ठेवावा.

वयस्कर माणूस बरोबर असेल तर औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा. आपली द्राक्षं कितीही गोड असली तरी फळं, रोपं, बी-बियाणं सामानात घालू नका. परवान्याशिवाय तिथे चालत नाहीत. जेवणाची धास्ती नको. डाळीचं सारण भरलेली मऊ “धोल पुरी” रस्त्यावर जागोजागी मिळते. गूळ न घातलेली पुरणपोळीच समजा. सासूबाईंच्या दातांना अगदी सोयीची!

तर ताई, कॅलेंडरचं ते पान उलटा, आणि तारखेभोवती पेनानं गोल करा. पेन्सिलीनं नको, पेन्सिल खोडता येते. आल्यावर मला दोन ओळी जरूर लिहा, आणि या वेळी पानाच्या मधोमध लिहा. तळ दिसला का, तेवढं मला कळायला हवं.

तुमची,
ताई