असुर कोणी ठरविला?

चैत्री पौर्णिमा जवळ आली म्हणजे वारणाकाठच्या गावांतून जोतिबाच्या डोंगराकडे माणसांची रीघ लागते. सासनकाठ्या नाचतात, गुलाल उधळतो, 'चांगभलं'चा गजर होतो. यंदा कोडोलीत ती गर्दी पाहात उभे असता एका शाळकरी मुलाने आम्हांस विचारले, "वकीलसाहेब, देवाने रत्नासुराला मारले हे सगळे सांगतात. पण त्याने केले काय होते?"

प्रश्न साधा होता. परंतु त्याचे उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते. वाचकहो, आपणापैकी कितीजणांपाशी ते असेल?

माहात्म्य असे सांगते की, जोतिबा केदाराहून दक्षिणेत आला, त्याने रत्नासुराचा वध केला आणि त्या असुराच्या नावावरून डोंगरास रत्नागिरी हे नाव पडले. करवीरची कथाही याच वळणाची आहे. देवीने कोल्हासुरास मारले आणि मरताना त्याने, 'या नगरीस माझे नाव राहावे,' एवढेच मागणे मागितले. नवरात्रातील पंचमीस टेंबलाईच्या टेकडीवर कोहळा फोडून असुरवधाची आठवण आजही केली जाते. असुरांनी लोकांस व देवांस छळले, असे या कथांत म्हटले आहे. परंतु असुराच्या बाजूने बोलणारा एकही साक्षीदार त्यांत नाही. लोकांच्या स्मरणात राहिलेले कोल्हासुराचे बोलणे एकच, आणि तेही प्राण जातानाचे! फिर्यादी, साक्षीदार, न्यायाधीश आणि लेखक हे सारे एकाच पक्षाचे असतील, तर अशा निकालास आम्ही कायद्याचे लोक न्याय म्हणत नाही.

ही शंका मोठ्या धैर्याने प्रथम मांडली ती महात्मा जोतीराव फुले यांनी. योगायोग असा की, त्यांचे नावही याच डोंगरावरील देवाच्या नावावरून ठेवले गेले, असे सांगतात. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या 'गुलामगिरी'त त्यांनी जोतिबा, खंडोबा, भैरोबा यांस असुरांचे वैरी न मानता बळीराजाच्याच पक्षाचे मानले. म्हणजे माहात्म्यात जो जोतिबा असुराचा काळ, तोच फुल्यांच्या ग्रंथात असुर म्हणविल्या गेलेल्या राजाच्या बाजूचा! फुल्यांनी लावलेल्या सर्व व्युत्पत्ती आजच्या संशोधनात टिकतील असे नाही. परंतु कथा सांगणारा बदलला की खल आणि नायक यांच्या जागा कशा बदलतात, हे त्यांनी उघड करून दाखविले. आणि ते कोणासही खोडता आलेले नाही.

बळीचेच पाहा. पुराणाने त्याच्यावर ठेवलेला मोठ्यात मोठा दोष गर्वाचा आहे. परंतु त्याच पुराणात त्याची कृत्ये कोणती आहेत? याचकाला तो विन्मुख पाठवीत नाही. गुरू शुक्राचार्य सावध करीत असताही तो दिलेला शब्द मोडीत नाही. तीन पावले भूमी मागणारा याचक मागताना बटू असतो आणि मोजताना विराट होतो. वचन पाळणारा पाताळात जातो आणि रूप पालटणारा पूज्य ठरतो. पोथीचा निकाल असा लागला खरा; पण महाराष्ट्रातील कुणब्याच्या घरी तो कधी मानला गेला नाही. दिवाळीच्या पाडव्यास आमच्या आयाबहिणी ओवाळताना बळीचेच राज्य मागतात, आणि शेतकऱ्यास आपण आजही बळीराजा म्हणतो. पोथी हरली आणि लोकस्मृती जिंकली, असे हे उदाहरण आहे.

आता नायकाकडे वळू. शंबूक तप करीत होता. त्याने कोणाचे काही चोरले नव्हते, कोणास मारले नव्हते. तरीही रामायणाच्या उत्तरकांडात तो शूद्र आहे एवढ्या कारणासाठी त्याचा शिरच्छेद होतो, आणि देव त्या कृत्याची प्रशंसा करतात. उत्तरकांड मागाहून जोडले गेले, असे पुष्कळ विद्वान म्हणतात. तसे असेल तर गोष्ट अधिकच गंभीर आहे. ज्यांनी ते जोडले त्यांना हे कृत्य नायकास शोभणारे वाटले, असाच त्याचा अर्थ होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वाल्मीकीच्याच ग्रंथाच्या आधारे हे प्रश्न विचारले. त्यांचे ते लेखन १९८७ साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध करताच केवढे काहूर उठले, हे वाचक विसरले नसतील. उत्तर देण्याऐवजी पाने गाळण्याची मागणी झाली!

पाने गाळण्यापेक्षाही पुढची पायरी उत्तर प्रदेश सरकारने गाठली होती. पेरियार रामसामी यांनी केलेल्या रामायणाच्या चिकित्सेचे हिंदी भाषांतर लल्लईसिंह यादव यांनी प्रसिद्ध केले. ते सरकारने १९६९ साली जप्त केले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९७१ साली ती जप्ती रद्द केली आणि १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील फेटाळले. कारण काय? तर पुस्तक दोषी ठरविताना सरकारने आपल्या मताची कारणेच दिली नव्हती. ग्रंथ दोषी ठरवावयाचा तर कारणे द्यावी लागतात. मग माणूस दोषी ठरवावयाचा, त्याचे सारे कुळ दोषी ठरवावयाचे, तर कारणे नकोत काय?

कोणी म्हणेल, हजारो वर्षांपूर्वीच्या असुरांची वकिली आज कशासाठी? त्यास आमचे उत्तर असे की, ही सवय पोथीत राहात नाही, ती कायद्यात उतरते. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे आमच्या प्रांतातील पारधी, कैकाडी, मांग गारुडी यांच्या पोटी जन्मणारे मूल पाळण्यातच गुन्हेगार ठरले. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची 'सेटलमेंट' उभी राहिली. १९५२ साली तो कायदा गेला. पण संशय गेला नाही. तुरुंगांच्या नियमांत जातीवार कामाची वाटणी होती आणि विमुक्त जमातींकडे सराईत गुन्हेगार म्हणून बोट दाखविणारी भाषाही होती. तिच्यावर सर्वोच्च न्यायालयाचा प्रहार पडण्यास २०२४ साल उजाडावे लागले. रत्नासुराने काय केले हे न विचारणारा समाज पारध्याच्या पोरानेही काय केले हे विचारीत नाही.

तथापि आमच्या तरुणांसही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. 'त्यांनी ज्याला खल म्हटले तो आमचा नायक,' एवढे म्हटल्याने न्याय होत नाही. ते निकालपत्र उलटे धरून वाचण्यासारखे आहे. सीतेचे हरण रावणाने केले हे कृत्य रावणाचे आहे म्हणून क्षम्य होत नाही, जसा शंबूकाचा वध रामाच्या हातून झाला म्हणून धर्म्य होत नाही. माप एकच पाहिजे. कृत्य काय, त्याची झळ कोणास लागली, दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकले काय, आणि हेच कृत्य आपल्या आवडत्या माणसाने केले असते तर आपण काय म्हटले असते, हे चार प्रश्न विचारावे. जन्माने कोणी नीच होत नाही, कर्माने होतो, ही तथागतांची शिकवण आहे. बोटांची माळ गळ्यात घालणाऱ्या अंगुलिमालास त्यांनी जवळ केले; त्याचे गुन्हे नाकारून नव्हे, तर त्याने शस्त्र टाकल्यानंतर. खलत्व कर्मात असते, म्हणूनच ते टाकता येते. ते रक्तात असते तर धम्माचा आणि कायद्याचाही काही उपयोग नव्हता.

कोडोलीच्या त्या मुलास आम्ही शेवटी एवढेच सांगितले, "बाळ, त्याने काय केले ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसताना मी त्याला दुष्ट म्हणणार नाही." वाचकहो, आपल्या घरातील मुले उद्या हाच प्रश्न विचारतील. त्यांस गप्प बसवू नका. प्रश्न विचारणाऱ्या मुलास गप्प करणे, हीच एका नव्या असुराच्या कथेची सुरुवात असते.