‘जाते’ नाही, ‘येते’ म्हणावं!

रविवारची रात्र, साडेअकरा वाजलेले. समोर लॅपटॉप, बाजूला गार झालेली मॅगी आणि स्क्रीनवर माझ्या आयुष्यातलं पहिलंवहिलं राजीनामापत्र. किती पानी? चार!

डिसेंबर २०१५ची गोष्ट. तेव्हा मी हिंजवडीतल्या एका कंपनीत होते. तीन आठवडे रात्री जागून केलेलं माझं प्रेझेंटेशन बॉसनं क्लायंटसमोर स्वतःच्या नावावर खपवलं होतं. वर मलाच म्हणाला, ‘गुड सपोर्ट!’ सपोर्ट? माझं डोकंच फिरलं. मग काय, चार पानांत सगळा हिशेब मांडला. हुकलेलं प्रमोशन, रद्द झालेल्या सुट्ट्या, दिवाळीच्या दिवशीचा कॉन्फरन्स कॉल... अगदी तारीखवार. आणि शेवटी बोल्ड अक्षरांत, ‘विथ इमिजिएट इफेक्ट’. वाचून स्वतःवरच खूश झाले. बॉस, काय इंग्लिश होतं ते!

नेमके त्याच आठवड्यात बाबा साताऱ्याहून आले होते. बाबा रिटायर्ड हेडक्लार्क. आस्थापना शाखेत उभी हयात गेली. म्हणजे लोकांच्या नेमणुका, बदल्या, रजा आणि राजीनामे यांच्या फाइली सांभाळणं हेच काम. त्यांनी चष्मा लावला, चारही पानं शांतपणे वाचली आणि म्हणाले, ‘मजकूर चांगलाय. पण हा राजीनामा नाही गं, ही तक्रार आहे. तक्रारीची फाइल वेगळी असते.’

‘अहो बाबा, पण त्याला कळायला नको?’

‘त्याला काय कळायचं ते तोंडावर सांग. हा कागद साहेबासाठी नसतो, फाइलसाठी असतो. साहेब बदलतात, फाइल राहते.’

मग त्यांनी एक अगदीच क्लार्की प्रश्न विचारला, ‘नोकरीला लागलीस कधी?’

‘७ मार्च २०११.’

बाबांनी बोटांवर मोजलं. ‘म्हणजे पाच वर्षांना तीन महिने कमी. आणि तू उद्यापासून येत नाही म्हणतेस? ग्रॅच्युइटीचं काय?’

ग्रॅच्युइटी हा शब्द मी तोवर फक्त ऑफर लेटरमध्ये पाहिला होता. बाबांनी कागदावर गणित मांडलं. शेवटचं बेसिक भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. माझं बेसिक होतं २६ हजार. म्हणजे एका वर्षाचे १५ हजार, पाच वर्षांचे ७५ हजार! पाच वर्षांना थोडे दिवस कमी असले तर ती मिळते की नाही, यावर लोक कोर्टात भांडलेत. पाच पूर्ण झाली की भांडणच नाही. माझा नोटीस पीरियड होता ९० दिवसांचा. तो सरळ पूर्ण केला तर पाच वर्षं आपोआप भरत होती. ‘विथ इमिजिएट इफेक्ट’ या तीन शब्दांची किंमत ७५ हजार रुपये. एवढं महाग इंग्लिश मला परवडणारं नव्हतं.

तरी मी हट्टाला पेटले होते. ‘तीन ओळींत कसलं आलंय राजीनामापत्र?’ बाबांचं वाचन दांडगं. म्हणाले, ‘अमेरिकेच्या निक्सननं ९ ऑगस्ट १९७४ला राष्ट्राध्यक्षपद सोडलं, ते एका वाक्यात.’ आणि मग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं सांगितलं. हिंदू कोड बिल रखडलं, तेव्हा त्यांनी २७ सप्टेंबर १९५१ला पंडित नेहरूंना राजीनामा पाठवला. पत्र आटोपशीर. वर आपल्या नावावरची विधेयकं मार्गी लागेपर्यंत थांबायची तयारी. सविस्तर कारणं त्यांनी मांडलीच, पण वेगळ्या निवेदनात. संसदेत ते लगेच वाचायची परवानगी मिळेना, तेव्हा ते बाहेर पडले आणि निवेदन पत्रकारांच्या हाती दिलं. बाबा म्हणाले, ‘एवढ्या मोठ्या माणसानं राजीनामा वेगळा ठेवला नि म्हणणं वेगळं. तू कोण लागून गेलीस?’

आता काय बोलणार? चार पानांचं उरलं ते एवढंच. तारीख. माझं पद. मी राजीनामा देत आहे. नियुक्तिपत्राप्रमाणे ९० दिवसांची नोटीस. शेवटचा दिवस अमुक. तोवर काम नीट सोपवून देईन. इथे शिकायला मिळालं, आभार. खाली सही. कारण? ‘वैयक्तिक.’ आभाराची ओळ लिहिताना हात अडखळला, खोटं नको वाटत होतं. मग आठवलं, एक्सेल मी इथेच शिकले आणि क्लायंटला फोनवर न घाबरता ‘नाही’ म्हणायलाही. म्हणजे ओळ खरी होती.

सोमवारी सकाळी आधी बॉसच्या केबिनमध्ये जाऊन तोंडी सांगितलं, मग मेल पाठवली. त्यानं दहा सेकंदांत वाचली. ‘ओके. हँडओव्हर प्लॅन कधी देतेस?’ बस्स!

खरं सांगू? वॉशरूममध्ये जाऊन रडले. आणि तिथेच कळलं की ती चार पानं का लिहिली होती. मला जायचं नव्हतंच. कुणीतरी म्हणावं, ‘अगं थांब, चुकलं आमचं,’ यासाठी होता तो सगळा खटाटोप. तुमच्याही ड्राफ्ट्समध्ये असं लांबलचक पत्र पडलं असेल, तर पाठवण्याआधी एकदा स्वतःला विचारा. आपल्याला सोडायचंय की कुणी थांबवायला हवंय? थांबवायला हवं असेल तर राजीनामा हे चुकीचं हत्यार आहे. त्यासाठी मीटिंग मागा. कारण पत्र दिलं की लोक ते स्वीकारतात!

प्रेझेंटेशनचं मी एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये सांगितलं. आवाज न चढवता, फाइलच्या तारखांसकट. बॉसचं काही वाकडं झालं नाही. पण माझ्या पोटातला गोळा गेला.

आता थोडं रोखठोक. नव्या नोकरीचं ऑफर लेटर हातात आल्याशिवाय पत्र देऊ नका. (मी दिलं होतं. तीन महिने झोप नव्हती.) राजीनामा स्वीकारल्याचं उत्तर लेखी घ्या. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र घेतल्याशिवाय विषय संपला म्हणू नका. पीएफ काढून मोबाइल घेण्यापेक्षा तो त्याच यूएएनवर नव्या कंपनीत ट्रान्स्फर करा. पाच वर्षांच्या आत काढलात तर त्यावर टॅक्सही लागू शकतो. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल, तर २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांप्रमाणे ग्रॅच्युइटीला एक वर्षही पुरतं. आणि राजीनाम्यानंतरचा देय पगार दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवा, असं त्यातली वेतन संहिता सांगते. एचआरनं ‘पंचेचाळीस दिवस लागतात’ म्हटलं, तर हे नम्रपणे आठवण करून द्या.

२०१९मध्ये मी पुन्हा नोकरी बदलली, तेव्हा नव्या कंपनीनं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनसाठी त्या जुन्या ऑफिसला मेल केली. माझा बॉस तिथून कधीच गेला होता. उत्तर दिलं एचआरमधल्या एका मुलीनं, जिनं मला कधी पाहिलंही नव्हतं. तिच्यासमोर होती फक्त माझी फाइल आणि त्यात तीन ओळी. दोन दिवसांत ‘क्लिअर’ आलं. साहेब बदलले होते, फाइल राहिली होती.

बाबांना फोन करून सांगितलं, तर मागून आईचा आवाज आला, ‘अगं, आपल्यात घराबाहेर पडताना कुणी जाते म्हणतं का? येते म्हणतात!’

खरंच की. चार पानांत मी ‘जाते’ म्हणत होते, तेही दार आपटून. तीन ओळींत ‘येते’ म्हटलं. ती चार पानं अजून ड्राफ्ट्समध्ये आहेत. परवा उघडून पाहिली. निम्मी अजूनही खरी वाटतात. पण पाठवावीशी? छे!

चला तर मग, येते. पुढच्या आठवड्यात.