सिलिंडर पावसाआधी पोचू द्या

हायड्रोजनचा अणुभार १.००८. त्यावरून १०/०८, म्हणजे अमेरिकी पद्धतीने ८ ऑक्टोबर, हा हायड्रोजन दिन पाळण्याची प्रथा अमेरिकेत पडली. चेन्नईत मात्र याच सुमारास ईशान्य मोसमी पाऊस तोंडावर आलेला असतो. डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार नदी शहरात घुसली, २०१६ मध्ये वरदा वादळाने विजेचे खांब आडवे केले, २०२३ मध्ये मिचाँग वादळाने अनेक वस्त्या अंधारात ठेवल्या. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत मान टाकतात आणि डिझेलची गाडी पाण्यात अडते.

अशा वेळी हायड्रोजन कामी येऊ शकतो, पण इथली त्याची बातमी रेल्वेची असते. जुलै २०२५ मध्ये पेरांबूरच्या आयसीएफ या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात हायड्रोजनवरच्या डब्याची चाचणी झाली, गाजावाजा झाला. छानच. पण याच शहरात, आयआयटी मद्रासच्या संशोधन संकुलात, एआरसीआय या केंद्रीय संस्थेचे फ्युएल सेल केंद्र वर्षानुवर्षे काम करते आहे. आमच्या मते या तंत्राची खरी जागा तिथल्यासारख्या काही किलोवॉटच्या संचात आहे. पातळ पडद्याच्या एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला हवा. वीज मिळते, मागे पाणी उरते. धूर नाही, घरघर नाही.

हिशेब मात्र रोखठोक करावा. पन्नास-साठ किलोच्या नेहमीच्या पोलादी सिलिंडरमध्ये हायड्रोजन मावतो जेमतेम सहाशे ग्रॅम. त्यातून नऊ-दहा युनिट वीज निघते. तेवढी तीन-साडेतीन लिटर डिझेलही देते. दीड किलोवॉटचा टॉवर तीन दिवस चालवायला अकरा-बारा सिलिंडर हवेत. सौर विजेने पाण्यापासून हायड्रोजन करून त्याची पुन्हा वीज करायची, तर दोनतृतीयांशाच्या आसपास वीज वाटेतच जाते. बंगल्याच्या गच्चीवर हा खटाटोप मांडून वीजबिलातून सुटू पाहणाऱ्यांनी खुशाल बॅटरी घ्यावी. वर्षातून एकदाच, पण सलग तीन-चार दिवस लागणाऱ्या विजेचे गणित वेगळे. डिझेल साठवून खराब होते, हायड्रोजन नासत नाही.

सिलिंडर पुराच्या पाण्यातून नेता येणार नाहीत. ते आधीच, उंच आणि उघड्या जागी हवेत. हायड्रोजन गळला तर वर उडून जातो, कोंडला तर भडका उडू शकतो. २०१५ मध्ये तळाशी ठेवलेले जनरेटर बुडाले होते. फ्युएल सेलही तिथे ठेवला तर बुडेलच.

हरित हायड्रोजन मोहिमेला केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले. चर्चा खत, पोलाद आणि निर्यातीची. नियंत्रण कक्ष आणि सरकारी रुग्णालयांसाठी डझनभर सिलिंडर भरून ठेवणे कोणत्या खात्याचे काम, हे चेन्नईने ऑक्टोबरमध्येच ठरवावे. २०२० चे ‘निसर्ग’ चक्रीवादळ सोसलेल्या रायगड-रत्नागिरीने मे उजाडण्याआधी.