शब्दांवाचून विचार होत नाही काय?

साहित्याच्या अभ्यासकाने कशाने हेलावून जावे, याचेही काही अलिखित संकेत आपल्याकडे आहेत. कविता चालते, कादंबरी चालते, फार तर चित्रपट. चित्रकथेने हेलावल्याची कबुली दिली, की समोरचा विद्वान समजूतदारपणे हसतो आणि विचारतो, 'पण त्यात तत्त्वज्ञान ते कोणते?' ताकेहिको इनोउए यांची 'व्हॅगाबॉन्ड' ही मांगा मालिका वाचून आम्ही मुळापासून हाललो, आणि हा प्रश्न आम्हालाही ऐकावा लागला. आमच्या मते तो प्रश्नच चुकीचा आहे.

एइजी योशिकावा यांची 'मुसाशी' ही कादंबरी १९३५ ते १९३९ या काळात 'असाही शिम्बुन' या दैनिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. सतराव्या शतकाच्या आरंभीचा तलवारबहाद्दर मियामोतो मुसाशी तिचा नायक. तिच्या आधारे इनोउए यांनी १९९८ मध्ये 'मॉर्निंग' या साप्ताहिकात 'व्हॅगाबॉन्ड' सुरू केली. एवढे कळले की आमचा विद्वान निश्चिंत होतो: म्हणजे हे कादंबरीचे सचित्र रूपांतर, मग मूळ कादंबरीच का वाचू नये?

जरूर वाचावी. मात्र कादंबरीतला सासाकी कोजिरो, म्हणजे मुसाशीचा प्रतिस्पर्धी, बोलका आणि बढाईखोर आहे. इनोउए यांनी त्याला बहिरा केले आहे. कादंबरीकाराला मौनाचे वर्णनही शब्दांनीच करावे लागते. चित्रकारावर ती सक्ती नाही. कोजिरोच्या वाट्याची पानेच्या पाने संवादाविना सरतात. समोरच्याचा खांदा किंचित हलतो, नजर सरकते, आणि कोजिरोला जे कळते ते आपल्यालाही शब्दांच्या मध्यस्थीवाचून कळते. भाषेशिवाय दुसऱ्या माणसाला ओळखता येते काय, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. येथे तो कोणी उच्चारत नाही; कुंचल्याची रेषाच तो विचारते.

मुसाशीची वाट याहून वेगळी. सूर्याखाली अजिंक्य व्हावे, एवढीच त्याची इच्छा. इचिजोजी येथे योशिओका घराण्याच्या सत्तर शिष्यांशी तो एकटा लढतो, जिंकतो, आणि त्या विजयातून जायबंदी पाय घेऊन बाहेर पडतो. या रक्तपाताला काही ठिकाणी नको इतके देखणेपण आले आहे, हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. पण पुढे हाच माणूस इओरी या अनाथ पोराबरोबर ओसाड जमिनीत राबू लागतो. तलवारीच्या हट्टाने तो मातीला नमवू पाहतो. माती नमत नाही. गावात भूक येते. चिखलात वाकलेली ती पाठ पाहताना आमचे डोळे भरून आले, हे सांगण्यात आम्हाला संकोच वाटत नाही. 'अहंकाराचा त्याग' असे त्याचे सार काढता येईल. परंतु त्या सारात आम्हाला हेलावणारे काहीच उरत नाही.

आमचे भांडण नेमके याच सार काढण्याशी आहे. आशय म्हणजे परीक्षेत चार ओळींत लिहिता येईल ते, अशी सवय आपण विद्यार्थ्यांना लावतो. मग ज्या कलाकृतीचा विचार रेषेत आणि रिकाम्या जागेत वसलेला आहे, ती आपल्याला विचारशून्य भासते. तिला 'ग्राफिक नॉव्हेल' असे भारदस्त नाव देऊन पंक्तीत बसवणारेही तीच चूक करतात. प्रतिष्ठा अखेर कादंबरीचीच राहते.

ही मालिका २०१५ मध्ये ३२७ व्या प्रकरणाशी खंडित झाली. मुसाशी आणि कोजिरो यांचे विख्यात द्वंद्व तिच्या पानांवर आलेच नाही. ज्याला गोष्टीचा निकाल हवा, त्याला तो कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकात मिळेल. आम्हाला मात्र अजून ती वाकलेली पाठच दिसते, आणि आमच्या समीक्षेकडे तिच्यासाठी एकही शब्द नाही. ही उणीव त्या पाठीची नव्हे, आमच्या समीक्षेची आहे.